मेलरूममध्ये इन्सर्टर ऑपरेटर म्हणून जावं का? टार्गेट, पावसाळा आणि पाकिटांचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीकडचा एक आयटीआय फिटर झालेला मुलगा. महाप्याच्या एमआयडीसीत ‘मशीन ऑपरेटर, मेलरूम प्रॉडक्शन टीम’ अशी नोकरी मिळतेय. बँकांची स्टेटमेंट, विम्याची पत्रं, कंपन्यांच्या नोटिसा घडी घालून पाकिटात भरणारं इन्सर्टर मशीन चालवायचं. मशीनचा स्पीड ताशी १०,००० पाकिटं, आठ तासांच्या शिफ्टचं टार्गेट ५०,००० असं सांगितलंय. त्याने विचारलंय की हे टार्गेट जमतं का, नुसतं बटण दाबायचं काम आहे का, सगळं ई-मेलवर चाललं असताना हा धंदा अजून किती दिवस, आणि पगार किती असावा.

मी याच कामात नवी मुंबईत बरीच वर्षं काढली. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, आता शिफ्ट बघतो. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुम्ही स्पीडबद्दल विचारलंय, पण तुमच्या मनातली खरी भीती वेगळी असावी असं वाटतं: मशीन अडलं की मला ते सोडवता येईल का, आणि त्या गोंधळात काही चुकलं तर कोणाच्या गळ्यात पडेल. नोकरी त्याचीच आहे. मशीन चालू असतं तेव्हा ऑपरेटरला फारसं काम नसतं. ते थांबतं त्या दोन मिनिटांचा पगार आपल्याला मिळतो.

आधी टार्गेट. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली की हातात साडेसात तास उरतात. आता समजा तुम्ही मशीन पूर्ण १०,००० वर लावलं आणि दर ५०० पाकिटांमागे एकदा अडकलं. ५०० पाकिटं निघायला ३ मिनिटं, अडकलेलं सोडवायला २ मिनिटं. म्हणजे ५ मिनिटांत ५००, ताशी ६,०००. शिफ्टला ४५,०००. टार्गेट गेलं, वर दिवसभर पळापळ. तेच मशीन ८,००० वर ठेवलं आणि दर २,००० पाकिटांमागे एकदा अडकलं, तर १५ अधिक २ अशी १७ मिनिटं. ताशी ७,००० च्या थोडं वर. शिफ्टला ५३,००० च्या आसपास, आणि संध्याकाळी अंगात त्राण उरतं. नवीन पोरं स्पीडचा नॉब फिरवण्यात धन्यता मानतात. जुना माणूस कुठल्या स्पीडला हा कागद आणि हे पाकीट शांतपणे पळतं ते आधी बघतो आणि तिथेच ठेवतो.

या हिशोबात जॉब, म्हणजे एका प्रकारच्या पत्रांचं काम, बदलण्याचा वेळ मात्र धरलेला नाही. पाकिटाचा साइज बदलला, घडी बदलली, की नवीन सेटिंगला अर्धा तास सहज जातो. शिफ्टमध्ये दोन जॉब बदलले तर तेच ५३,००० होऊन बसतात ४६,०००. त्यामुळे ५०,००० हे टार्गेट एका मोठ्या सलग जॉबचं आहे की रोजचं सरसकट, हे आधीच विचारून घ्या. ते जमेल की नाही हे यावर ठरतं, आणि मशीन किती जुनं आहे, सकर (हवेने कागद ओढून धरणारे रबरी कप) आणि बेल्ट वेळेवर बदलतात का, पाकिटं कुठून घेतात यावर ठरतं. तुमच्या हातात यातलं अर्धंच आहे.

मशीन काय करतं ते दोन ओळींत सांगतो. छापलेले कागद फीडर एकेक करून ओढतो. एका ग्राहकाची सगळी पानं एका ठिकाणी जमतात, फोल्डरमध्ये त्यांची एकत्र घडी पडते, संच ट्रॅकवर येतो, वाटेत एखादं माहितीपत्रक त्यावर पडतं, मग उघड्या तोंडाच्या पाकिटात तो ढकलला जातो, गोंदावर पाणी फिरतं, पाकीट बंद, आणि स्टॅकरवर, म्हणजे तयार पाकिटं गोळा होतात त्या टोकाला, उभं. टेबलावर बसणारी छोटी मशीन ताशी दोन-चार हजार काढतात, मोठी २०,००० च्या पुढे जातात, पण क्रम हाच.

तुम्ही फिटर आहात, त्यामुळे गिअर, बेल्ट, बेअरिंग तुम्हाला कोणी शिकवायला नको. शिकायचा आहे तो कागद. आणि कागद शिकायला मुंबईतला पावसाळा पुरेसा आहे. जुलैत गोडाऊनमधून आलेला रीम उघडा आणि तासाभराने बघा, सादळून कडा पापडासारख्या वर आलेल्या असतात. असा कागद फीडरमध्ये गेला की दोन पानं एकदम ओढली जातात किंवा घडी तिरकी पडते. पाकिटांचं तर त्याहून वाईट: हवेतल्या ओलीने फ्लॅपचा गोंद आधीच धरतो, मशीन फ्लॅप उघडायला जातं आणि पाकीट फाटतं. उपाय सोपे आहेत पण आळस चालत नाही. उद्याच्या जॉबचा कागद आणि पाकिटं आजच मशीनच्या हॉलमध्ये आणून ठेवायची, वेष्टन न काढता, म्हणजे तिथल्या तापमानाला येतात. लागेल तेवढंच उघडायचं. फीडरमध्ये ठेवण्याआधी गठ्ठा दोन्ही हातांनी वाकवून पानांत हवा भरून घ्यायची आणि कडा टेबलावर ठोकून सरळ करायच्या. हॉलमधला ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला तर सगळं गोडीने चालतं. फार खाली गेला तर उलटा त्रास, कागदात स्थिर वीज भरते आणि पानं एकमेकांना चिकटतात. डीह्युमिडिफायर बंद आहे म्हणून सुपरवायझरला सांगायला लाजू नका, नाहीतर शिफ्ट संपताना ‘ऑपरेटर स्लो आहे’ असं तुमच्याच नावावर लागतं.

गंमत अशी की कामाचा मोसमही नेमका तेव्हाच येतो. मार्चला वर्ष बंद करणाऱ्या कंपन्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस पूर्ण २१ दिवस आधी पाठवावी लागते. म्हणजे भागधारकांच्या पत्रांचा लोंढा जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, भर पावसात. त्या दिवसांत रजा मागू नका. गणपतीचं गावाला जायचं असेल तर जूनमध्येच बोलून ठेवा.

पाकिटाबद्दल अजून एक गोष्ट. आपल्याकडे बहुतेक काम खिडकीच्या पाकिटात होतं, ११० बाय २२० मिलिमीटरचं. ए-फोर कागद तीन भागांत दुमडला की संच ९९ बाय २१० चा होतो. म्हणजे आत उंचीला ११ आणि लांबीला १० मिलिमीटर कागद हलायला जागा. मशीन सुरू करण्याआधी पहिली पाच-सहा पाकिटं हातात घ्या आणि टेबलावर ठोका: एकदा खालच्या कडेवर, एकदा डाव्या, एकदा उजव्या, मग उलटं करून वरच्या कडेवर. प्रत्येक वेळी खिडकीत बघा. पत्ता पूर्ण दिसला पाहिजे, पिनकोड कापला जाता कामा नये, आणि पत्त्याशिवाय दुसरं काही दिसता कामा नये. खाते क्रमांकाची ओळ पत्त्याच्या जवळ छापलेली असली तर कागद खाली सरकला की तीही खिडकीतून डोकावते. हे सापडलं तर मशीन चालू करायचं नाही, क्वालिटीवाल्याला बोलवायचं. घडी एक-दोन मिलिमीटर सरकवून काम होतं का बघायचं. नाही झालं तर जॉब परत छपाईकडे. तुम्ही नवीन आहात म्हणून तुमचं कोणी ऐकणार नाही असं वाटेल, पण पाकीट समोर धरून दाखवलं की भले भले गप्प होतात.

आता मुख्य गोष्ट, हिशोब. आपल्या कामात सगळ्यात महाग चूक म्हणजे एकाचं पान दुसऱ्याच्या पाकिटात जाणं. आणि ती एकटी येत नाही. समजा एका ग्राहकाची तीन पानं आहेत आणि फीडरने दोन पानं चिकटून एकदम ओढली. मशीन नुसतं मोजत असेल, तर त्याला वाटतं अजून एक पान यायचंय, म्हणून ते पुढच्या ग्राहकाचं पहिलं पान या संचात घेतं. तिथून पुढे प्रत्येक पाकिटात पुढच्याचं एक पान. कोणी थांबवेपर्यंत शेकडो पाकिटं चुकलेली असतात, आणि बाहेरून सगळी अगदी नीट दिसतात.

म्हणून कागदाच्या कडेला खुणा छापतात. जुन्या मशीनवर काळ्या रेघा असतात, ओएमआर. त्या मशीनला सांगतात की संच इथे संपला, इथे माहितीपत्रक टाक. त्यातल्याच काही रेघा क्रम दाखवतात, पण तीन रेघांच्या जागेत आठच आकडे बसतात. आठाच्या पुढे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे नेमकी आठ पानं गायब झाली तर मशीनला पत्ता लागणार नाही. नवीन मशीनवर चौकोनी टूडी कोड वाचणारा कॅमेरा असतो. त्यात हा कोणत्या ग्राहकाचा संच, पाकिटाचा क्रमांक काय, तीनपैकी कितवं पान, सगळं असतं, आणि प्रत्येक क्रमांकापुढे संगणकात टिक पडत जाते. इंटरव्ह्यूला एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: मशीनवर कॅमेरा आहे का, की नुसतं ओएमआर? पहिल्या प्रकारात तुमच्या डोक्यावरचा भार निम्मा होतो.

कॅमेरा असला तरी अडकलेलं सोडवणं हातानेच असतं, आणि तिथेच माणूस कळतो. समजा फोल्डरनंतर ट्रॅकवर चुरगळा झाला. पहिली सवय ही लावा की झाकण उघडल्यावर लगेच कागद ओढायचा नाही. आधी स्टॅकरवरचं शेवटचं नीट बंद झालेलं पाकीट बघा. त्याचा क्रमांक, समजा, ४२१७. मग फीडरवर पुढे जाणाऱ्या संचाचा क्रमांक बघा. समजा ४२२२. याचा अर्थ ४२१८ पासून ४२२१ पर्यंत चार संच मशीनच्या पोटात आहेत आणि चारही तुमच्या हातात आले पाहिजेत. तीन सापडले आणि मशीन चालू केलं असं कधीच करायचं नाही. चौथा रोलरखाली, बेल्टच्या मागे, कधी कधी खालच्या ट्रेमध्ये पडलेला असतो. टॉर्च घ्या, शोधा. चारही मिळाले की पानं मोजा. शाबूत असतील ते हाताने भरा, फाटलेले डॅमेज यादीत लिहा म्हणजे त्यांचं रीप्रिंट येईल, आणि मगच हिरवं बटण. फाटलेला कागद चिकटपट्टी लावून भरायचा नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायचा नाही. तो डॅमेजच्या बंद पेटीत जातो आणि दोघांच्या समोर श्रेडरमध्ये.

शिफ्ट संपताना फाइलमधला आकडा, मशीनचा आकडा, हाताने भरलेली आणि रीप्रिंटला गेलेली यांची जुळणी होते. पन्नास हजारांत एक कमी आलं तरी जॉब पूर्ण झाला असं धरत नाहीत. मी लोकांना रात्री दीड वाजता एका पाकिटासाठी मशीन उघडून बसलेलं पाहिलंय. बाहेरच्याला हे वेडेपण वाटेल. पण त्या एका पाकिटात कोणाची तरी शिल्लक, कोणाचा तरी कर्जाचा हप्ता असतो.

रीप्रिंट होऊन आलेलं पाकीट परत त्याच्या जागेवर घालायचं, शेवटी ठेवून द्यायचं नाही. कारण फाइल पिनकोडच्या क्रमाने लावलेली असते आणि ट्रे तसेच पोस्टात जातात. तुमचंच गाव घ्या, ४१६४१६. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा विभाग, पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्यातलेच, आणि संस्कृतचे कवी. आमच्या हॉलमध्ये हे कोणाला माहीत नाही, पण सहा आकडे सगळ्यांना तोंडपाठ.

वजनाकडेही लक्ष ठेवा. साध्या पत्राच्या टपालखर्चाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा. तीन पानं १५, वर पाकीट चार-पाच, म्हणजे काट्यावर. एखादं जास्तीचं माहितीपत्रक चुकून पडू लागलं तर पुढचा टप्पा लागतो, आणि हजारो पाकिटांवर तो फरक कोणीतरी भरतो. तासातून एकदा एक पाकीट काट्यावर ठेवायची सवय लावा. आत दोन पत्रकं गेली असतील तर तेही तिथेच कळतं.

सुरक्षेबद्दल थोडकंच सांगतो, पण ते गंभीरपणे घ्या. झाकण उघडलं की मशीन थांबावं म्हणून इंटरलॉक स्विच असतो. काही ठिकाणी वेळ वाचवायला त्याला जंपर मारलेला असतो, म्हणजे तार जोडून तो निकामी केलेला असतो. असं दिसलं तर त्या मशीनवर हात घालू नका आणि स्वतः तर कधीच मारू नका. फिटर असल्यामुळे तुम्हालाच ‘जरा करून दे’ असं सांगतील. हातातलं कडं, अंगठी, गळ्यातला आयकार्डाचा दोरा काढून ठेवायचा. व्हॅक्यूम पंपाचा आवाज दिवसभर कानात घुमतो, इअर प्लग मागून घ्या. आणि बूट चांगले घ्या. आठ तास सिमेंटवर उभं राहून पहिल्या महिन्यात पोटऱ्या भरून येतात.

मोबाइल आत नेता येणार नाही, याची तयारी ठेवा. काही ठिकाणी खिसे नसलेला गणवेश असतो, येता-जाता झडती होते. त्यात अपमान मानू नका. बँकेचे ऑडिटर येऊन हेच तपासतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात सुरक्षेची योग्य काळजी न घेतल्याबद्दल कंपनीला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यामुळे पुढे हे नियम सैल होणार नाहीत. ओळखीच्या कोणाचं स्टेटमेंट दिसलं तर नजर फिरवा आणि घरीही बोलू नका.

धंद्याच्या भवितव्याबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. कागद कमी होतोय. पूर्वी कंपन्या वार्षिक अहवालाची जाड पुस्तकं घरोघर पाठवायच्या. आता ज्यांचा ई-मेल नोंदलेला नाही त्यांना अहवालाची लिंक असलेलं एक पानी पत्र जातं. आकार घटला, पाकीट राहिलं. चेकबुकं, कार्डं, वसुलीच्या नोटिसा अजून टपालानेच जातात. तरी वीस वर्षं याच मशीनवर काढायचा विचार असेल तर मी नको म्हणेन.

पण हे हात दुसरीकडे चालतात, आणि हे फारसं कोणी सांगत नाही. औषध कंपन्यांमधलं कार्टनिंग मशीन बघा. माहितीपत्रकाची घडी घालायची, सकरने खोका उघडायचा, गोळ्यांची पट्टी आणि पत्रक आत ढकलायचं, कोड वाचून खात्री करायची, झाकण बंद. काम तेच, पाकिटाऐवजी खोका. इन्सर्टरवर दोन-तीन वर्षं नीट काढलेला माणूस ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतल्या पॅकिंग लाइनवर लवकर रुळतो. आमच्याकडची काही पोरं तशी गेली. दुसरी वाट मशीन विकणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर व्हायची. तिथे तुमचा आयटीआय कामाला येईल, सोबत सेन्सर आणि पीएलसीचं (मशीनला हुकूम देणारा छोटा संगणक) थोडं शिकून घ्या. म्हणून मशीनचा सर्व्हिसवाला येईल तेव्हा चहाला जाऊ नका, त्याच्या शेजारी पाना धरून उभे राहा.

माझं मत असं: राहायची सोय होत असेल आणि अटी ठीक असतील तर घ्या. अटी म्हणजे नेमकं काय, तर नेमणूकपत्र लेखी मिळतंय का, आणि त्यावर नाव कंपनीचं आहे की ठेकेदाराचं. पीएफचा यूएएन आणि ईएसआयचा नंबर पहिल्या महिन्यातच मिळतो का. मोसमात बारा तास थांबवलं तर जास्तीच्या तासांचे पैसे दुप्पट दराने मिळतात का. हे जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्येही होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या लेबर कोडमध्येही आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ हे उत्तर चालत नाही. रात्रपाळीला कंपनीची गाडी सोडते का तेही विचारा, महाप्यातून रात्री घणसोली-कोपरखैरणे गाठणं रोजच्या रोज परवडत नाही.

पगार किती असावा हेही तुम्ही विचारलंय, पण त्याचं उत्तर ठेकेदाराकडून की कंपनीच्या रोलवर यावर फार बदलतं. ऑफरवर कोणाचं नाव आहे आणि मशीनवर कॅमेरा आहे का, एवढं विचारून इथेच खाली लिहा, मग आकड्याचं बोलू.